सोमवारची निळी गोळी

नमस्कार श्रोतेहो.

नववीतल्या मुलीला हिमोग्लोबिन म्हणजे काय विचारा, ती घडाघडा सांगेल. पण शाळेत हातावर ठेवलेली लोहाची गोळी ती गिळेल की खिडकीतून टाकेल, हे पुस्तक ठरवत नाही. ते ठरतं शाळेच्या फाटकाशी आणि तिच्या गल्लीत. माहिती कानावर पडणं, ती पटणं आणि वेळेला हातून तसं घडणं, या सगळ्याला मिळून आरोग्य साक्षरता म्हणतात.

अंगात रक्त कमी पडू नये म्हणून सरकारकडून मिळणारी ही गोळी निळी असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा द्यायची, बहुतेक ठिकाणी सोमवारी. गरोदर बायकांची गोळी लाल असते. दोन्हींत गल्लत नको, म्हणून हिचा रंग निळा.

आता श्रावणातला एक सोमवार डोळ्यांसमोर आणा. शाळा लवकर सुटणार, म्हणून बाई पहिल्याच तासाला गोळ्या वाटतात. वर्गातल्या निम्म्या मुलींचा उपास. सकाळपासून पोटात फक्त कपभर चहा. रिकाम्या पोटी लोह गेलं की मळमळतं. एकीला उलटी होते. ती पाहून दुसरीच्या पोटात ढवळतं, मग तिसरीच्या. अकरापर्यंत गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी: शाळेत मुलींना विषबाधा. दुपारी आया फाटकाशी उभ्या. दुसऱ्या दिवशी एकीला शौचाला काळी झाली, की संशय पक्का! लोहाच्या गोळीनं शौचाला काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. पुढच्या सोमवारी निम्म्या गोळ्या खिडकीखालच्या गवतात.

यात गोळी वाईट नव्हती. वेळ चुकली. गोळी जेवणानंतर. पुन्हा सांगतो, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. शालेय पोषण आहाराची पंगत उठली की लगेच दिली तर उत्तम. श्रावणात वार बदलून मंगळवार धरावा. बाईंनी मुलांसमोर स्वतः एक गोळी घ्यावी. त्या एका घोटानं जे पटतं ते तासभर बोलून पटत नाही. आणि आधीच्या आठवड्यात आयांना बोलावून मळमळ, काळी शौच हे सगळं सांगून ठेवावं. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. त्याऐवजी पेरू, आवळा, लिंबू. वाढत्या पोरांना सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत धाडणं मला मुळीच मान्य नाही. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करायला कितीसा वेळ लागतो?

गरज किती आहे, ते ऐका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. मुलग्यांतही ३१ टक्के. म्हणून गोळी मुलग्यांनाही.

भिंतीवरच्या तक्त्यावर मात्र लिहिलेलं असतं 'रक्तक्षय'. घरात हा शब्द कोण बोलतं? 'अंगात रक्त कमी' लिहा. नंदुरबारला भिलीत, मेळघाटात कोरकूत लिहा. आणि तक्ता मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, छताखाली नको.

फाटकाबाहेरचं थोडक्यात. २००३ च्या कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखू विकायला बंदी आहे. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांत फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. वर्गात तंबाखूचा धडा आणि फाटकाला लागून तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकवलेली टपरी असेल, तर मूल टपरीवरूनच शिकतं. शाळा व्यवस्थापन समितीनं टेप घेऊन अंतर मोजावं आणि लेखी तक्रार द्यावी.

एक राहिलं. सुट्टीत गोळ्या घरी दिल्या तर त्या उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा. निळी गोळी लहानग्यांना पेपरमिंटसारखी दिसते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. तसं झालं तर वाट न पाहता, गोळ्यांची पट्टी हातात घेऊन, थेट दवाखाना गाठा.