सुरतकलला नंबर लागेल का?

(कोल्हापुरात पालक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

"अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा पडलेत, सुरतकलला नंबर लागेल का?" कर्नाटकातल्या सुरतकलला एनआयटी आहे, म्हणजे केंद्र सरकारची अभियांत्रिकी संस्था, आणि जेईई या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की हा प्रश्न घरोघर सुरू होतो. त्याला उत्तर देता येत नाही, कारण विचारणाऱ्यानं बारावी कुठून केली, प्रवर्ग कोणता आणि शाखा कुठली हवी हे सांगितलेलंच नसतं.

बारावीपासून सुरुवात करू. एनआयटीच्या निम्म्या जागा ती ज्या राज्यात आहे तिथल्या मुलांना, निम्म्या बाहेरच्यांना. आयआयटीला हा भेद नाही, तिथं सगळा देश एकाच रांगेत. आता तुमचं राज्य कोणतं हे डोमिसाईलवरून ठरत नाही, आधारवरच्या पत्त्यावरूनही नाही. बारावी पहिल्यांदा ज्या राज्यातल्या शाळेतून पास झालात, ते तुमचं राज्य. कागलचा मुलगा कर्नाटकातल्या निपाणीच्या कॉलेजातून बारावी झाला तर तो सुरतकलला घरचा आणि नागपूरच्या एनआयटीत पाहुणा. निपाणीची मुलगी कोल्हापुरात शिकली तर नेमकं उलट. कोटा, हैदराबादला मुलं पाठवताना आपण क्लासची फी विचारतो, हॉस्टेलचं जेवण विचारतो. मुलाचं नाव कुठल्या राज्यातल्या शाळेच्या पटावर लागणार, हे मात्र विचारत नाही. ते राजस्थानातल्या पटावर लागलं की जयपूर घरचं झालं आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतला घरचा हक्क गेला. हे अकरावीला प्रवेश घेतानाच बघायचं असतं.

आता रँक. पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे राहिली. जानेवारीच्या सत्रातल्या पर्सेंटाइलला रँक नसते. दोन्ही सत्रांतला चांगला स्कोअर धरून एप्रिलच्या परीक्षेनंतर रँक लागते. तोवर अंदाज हवा असेल तर 100 मधून पर्सेंटाइल वजा करा आणि परीक्षा दिलेल्या मुलांच्या संख्येचे तेवढे टक्के काढा. 14 लाख मुलं धरली तर 98.6 म्हणजे 1.4 टक्के, म्हणजे रँक साधारण 19,600. याच हिशेबानं पर्सेंटाइलचा एक दशांश म्हणजे 1,400 मुलं. "अठ्ठ्याण्णवच्या आसपास" असं म्हणून चालत नाही ते यामुळे.

आयआयटी, एनआयटीचे प्रवेश जोसामार्फत होतात. तिच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या ओपनिंग आणि क्लोजिंग रँक असतात, म्हणजे पहिली आणि शेवटची जागा कितव्या रँकला गेली ते. एका ओळीत संस्था, शाखा, कोटा, प्रवर्ग, मुलींची जागा की सर्वांसाठीची, आणि शेवटी दोन आकडे. गोंधळ कोट्याच्या रकान्यात होतो. एचएस म्हणजे घरचे, ओएस म्हणजे बाहेरचे. ईशान्येकडच्या एनआयटीत एचएसची क्लोजिंग रँक भलीमोठी दिसते आणि पालक खूश होतात. ती ओळ आपली नव्हे. आपली ओएसची, आणि ती तिथं बरीच आधी बंद झालेली असते. त्रिचीला संगणक शाखेचंही तेच.

दुसरी गफलत प्रवर्गाची. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एससी, एसटीच्या ओळीतले आकडे त्या त्या प्रवर्गातल्या रँकचे असतात. स्कोअरकार्डवर दोन रँक छापलेल्या असतात. सर्वसाधारण रँक घेऊन ओबीसीची ओळ बघितली तर लागणारा नंबरसुद्धा लागत नाही असं वाटतं. मुलींनी दोन्ही ओळी बघायच्या, कारण त्यांना दोन्हीकडून जागा मिळू शकते.

1902 साली ज्या संस्थानात नोकऱ्यांतल्या राखीव जागांचा जाहीरनामा निघाला, तिथं दाखल्यावरून जागा जावी हे मनाला लागतं. राज्याचा एसईबीसी दाखला, म्हणजे मराठा आरक्षणाचा, केंद्राच्या संस्थेत चालत नाही. मराठा विद्यार्थ्यानं निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. कुणबी नोंद असेल तर ओबीसीतून जाता येतं. धनगर समाज राज्यात एनटी (भटक्या जमाती), केंद्रात ओबीसी. तीन वर्षं चालणारं राज्याचं नॉन क्रिमीलेअर इथं उपयोगाचं नाही; केंद्राच्या नमुन्यातलं आणि त्याच वर्षी 1 एप्रिलनंतर निघालेलं लागतं. सेतू केंद्रात "केंद्र शासनाचा नमुना" असं स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीचाच कागद हातात पडतो.

ओळ सापडली, आता आकडा किती भरवशाचा? 60 जागांची शाखा धरा. ओएसला आल्या 30. त्यातल्या खुल्या साधारण 12, ओबीसीच्या 8, एससीच्या 4-5, ईडब्ल्यूएसच्या 3, एसटीच्या 2. त्यातही मुलींची ओळ वेगळी. जिथं दोनतीनच जागा, तिथं एका मुलानं मन बदललं तरी क्लोजिंग रँक कुठल्या कुठं जाते. अशा ओळीवर एका वर्षाचा आकडा बघून घरचं नियोजन करू नये.

म्हणून तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीच्या क्लोजिंग रँक वहीत लिहा. शेवटची फेरी 2024 ला पाचवी होती, 2025 ला सहावी. पहिल्या फेरीचा आकडा बघून निराश व्हायचं कारण नाही. तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा धरा. आपली रँक त्याहून पंधरा टक्के अलीकडे, म्हणजे लहान, असेल तर जागा हमखास समजा. आकड्याच्या दहा टक्के इकडेतिकडे असेल तर काठावर. तिन्ही वर्षांच्या आकड्यांपेक्षा पंचवीस टक्के पलीकडे असेल तर निव्वळ नशीब. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. छोट्या ओळींना अंतर आणखी सैल ठेवा.

पर्याय भरताना हा हिशेब बाजूला ठेवायचा, हे बऱ्याच जणांना पटत नाही. यादी आवडीच्या क्रमानंच भरा. वर अवघड कॉलेज ठेवलं म्हणून खालचं सोपं हातचं जात नाही. संगणक वरून खाली येतो आणि रँकेत बसणारी पहिली जागा देतो. हमखास जागा वर ठेवलीत तर तीच मिळेल आणि वरची संधी तुम्हीच घालवलेली असेल. हमखास पर्याय यादीत हवेतच, पण तळाला, आणि दोनतीन नव्हे, आठदहा.

जागा मिळाली की फ्रीझ, फ्लोट, स्लाइड यातलं एक निवडायचं. फ्रीझ म्हणजे आहे ते पक्कं. स्लाइड म्हणजे त्याच कॉलेजात वरची शाखा. फ्लोट म्हणजे यादीतलं वरचं काहीही, पण वरची जागा लागली की हातातली आपोआप जाते. काठावरच्या मुलानं पहिल्या फेरीत फ्रीझ केलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया. मुदतीत पैसे भरले नाहीत, किंवा कागदपत्रांबद्दलच्या शंकेला उत्तर दिलं नाही, तर जागा रद्द होते.

जोसा संपल्यावर एनआयटीच्या उरलेल्या जागांसाठी सीसॅब या दुसऱ्या प्रवेश मंडळाच्या फेऱ्या असतात. त्याची नोंदणी वेगळी, पैसे वेगळे, आकडेही वेगळे; ते जोसाच्या वहीत मिसळू नका, त्यांना दुसरं पान ठेवा.