बँकेतला थिन क्लायंट घरी आणला, लिनक्स टाकलं, आता घरचा सर्व्हर म्हणून चोवीस तास चालतोय!

नमस्कार मंडळी. हा हातातला डबा बघा, डेल वाइज ५०७०. बँकेच्या काउंटरवर मॉनिटरच्या आसपास असाच एखादा थिन क्लायंट असतो, खरं काम लांब सर्व्हरवर चालतं, हा फक्त स्क्रीन दाखवतो. ऑफिसवाल्यांनी मशीन बदलली की हे लॉटच्या लॉट सेकंडहँडमध्ये येतात आणि लोक म्हणतात स्लो आहे, टाकून द्या. अहो पण प्रोसेसर चांगला आहे की! सेलेरॉन जे४१०५, चार कोअर, १० वॉटचा, पंखा नाही त्यामुळे आवाज शून्य. बिचाऱ्याला रॅम आणि जागाच पुरेशी दिलेली नसते.

आता उघडतो. हे रॅमचे दोन स्लॉट, लॅपटॉपची डीडीआर४ रॅम बसते, मी ४ जीबीची ८ केली. आणि हा एसएसडीचा, म्हणजे साठवणीच्या कार्डाचा, एम-डॉट-टू स्लॉट, इथे नीट लक्ष द्या, यात सॅटा प्रकारचा एसएसडीच चालतो, एनव्हीएमई प्रकारचा चालत नाही. दोन्ही दिसायला सारखेच, मीसुद्धा आधी चुकीचा आणला होता आणि तासभर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, शोधत बसलो, म्हणून घेताना लेबलवर सॅटा लिहिलंय का ते वाचाच. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी जुनी थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर पुसून नवीन लावा, आपल्याकडच्या मे महिन्यात फरक पडतो.

बायोसला पासवर्ड मागितला तर कंपनीचा मूळचा पासवर्ड फायरपोर्ट (Fireport) आहे, फक्त एफ कॅपिटल. मग एफ१२ दाबून पेनड्राइव्हवरून डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाका, तोही डेस्कटॉपची स्क्रीन न घेता, कारण याला मॉनिटर लावायचाच नाहीये. मग त्यावर फाइल शेअर करणारं सांबा टाकलं की घरातल्या सगळ्यांचे फोटो एका जागी, पाय-होल टाकलं की बऱ्याच जाहिराती गायब, जेलीफिन टाकलं की टीव्हीवर पिक्चर.

विजेचं म्हणाल तर १० वॉट सतत धरले तरी महिन्याला ७.२ युनिट. ६० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप असाच चालू ठेवला तर ४३ युनिट होतात, म्हणून मी डेस्कटॉपचा सर्व्हर करा असं कुणाला सांगत नाही.

आणि बायोसमध्ये एसी रिकव्हरी नावाचं सेटिंग आहे ते पॉवर ऑनवर ठेवा, लाइट जाऊन आली की मशीन आपोआप उठतं. गावाकडे आईबाबांच्या घरी ठेवणार असाल तर हे हवंच. थांबा, दाखवतोच. स्विच बंद केला... आता चालू. बटणाला हात लावलेला नाही, बघा, दिवा लागला.