पंधराशे रुपयांत महिन्याचा किराणा बसतो का?

राम राम मंडळी. आधी ही चिठ्ठी बघा.

(चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर)

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाला एक किराणा दुकान आहे, तिथली. शेजारच्या आजींची. एकट्या राहतात. तूरडाळ किलोभर १२०, तेलाची पिशवी १४५, साखर ४५, चहापूड पाव किलो १००, शेंगदाणे अर्धा किलो ७०, ज्वारी चार किलो १८०. झाले ६६०. रोजचं पाव लिटर दूध धरा, ४५० गेले. भाजीला दिवसाला दहा रुपये, म्हणजे ३००. दहा रुपयांत मेथीची जुडी येते का, हे तुम्हीच सांगा. एकूण १४१०.

आजींना श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे राज्य सरकार निराधार वृद्धांना देतं ते, महिन्याला १५०० मिळतात. उरले नव्वद. त्यात साबण, दळण, लाइट बिल आणि बीपीच्या गोळ्या. आणि उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटून आणायची असते, तो खर्च या चिठ्ठीत कुठंच नाही. मिरचीचा भाव विचारला तर आजी म्हणाल्या, “इचारू नगंस बाबा, यंदा निम्मीच केली.”

रेशनचं काय, असं कुणीतरी खाली लिहिणारच. बरोबर आहे. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. माझ्या मते मदतीचा हा सगळ्यात पक्का भाग. बाजारात गव्हाचा भाव काहीही होऊ दे, पाच किलो म्हणजे पाच किलोच राहतात. पण ते गहू-तांदूळ. दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास पडतात. म्हणून तर चिठ्ठीत ज्वारी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सुचवलेल्या ताटात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत, म्हणजे महिन्याला अडीच किलो. आजी एक किलो घेतात.

आता रोख रकमेकडे या. खरी गोम इथं आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ, दोन्ही योजनांचे आधी ६०० होते. २०१९ मध्ये १००० झाले, जुलै २०२३ पासून १५००. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५००, आजींना मात्र १५००च. वाढ झाली नाही असं मी म्हणणार नाही. पण ती झाली तेव्हा एकदम झाली, आणि मधली वर्षं रक्कम जागची हलली नाही. साठ ते एकोणऐंशी वयाच्या म्हाताऱ्यांसाठी केंद्राची जी वृद्धापकाळ योजना आहे, तिचा वाटा २००७ मध्ये २०० होता, अजून २००च आहे. दोन किलो डाळसुद्धा येत नाही.

आता त्याच गल्लीतले निवृत्त गुरुजी घ्या. त्यांच्या पेन्शनवर महागाईची वाढ जानेवारीला आणि जुलैला ठरते, कामगारांच्या किंमत निर्देशांकाचं, म्हणजे त्यांच्या खर्चातल्या वस्तूंचे भाव किती चढले ते मोजणाऱ्या आकड्याचं, गणित करून. गुरुजींवर माझा राग नाही, ते त्यांच्या हक्काचं आहे. मनरेगाच्या मजुरीलासुद्धा निर्देशांक लावत आले: महाराष्ट्रात २०२४-२५ ला २९७ रुपये, पुढच्या वर्षी ३१२. म्हणजे सरकारला हे गणित येतं. आजींच्या १५०० ला ते जोडलेलं नाही, एवढंच. बजेटात कुणाला आठवण झाली तर वाढ, नाहीतर नाही.

आणि जोडायचं झालं, तरी कुठल्या निर्देशांकाला? २०१२ च्या किमती पाया धरून काढलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास होता. आजींच्या हिशेबात तो ९४ टक्के आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपदार्थांच्या महागाईचा दर शून्याच्याही खाली गेला होता, टीव्हीवर सगळे खूश. भाजी उतरली होती, डाळीही उतरल्या होत्या, खोटं नाही. तेल मात्र उतरलं नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. आपल्याकडे शिराळा-वाळव्यात सोयाबीन पेरणारे म्हणतील, ठीकच केलं. पण त्याची फोडणी आजींच्या पिशवीवर बसली.

अजून एक आकडा, मला सगळ्यात जास्त खटकणारा. योजनेत बसायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. दिवसाला ५७-५८ रुपये. घरातल्या कुणी २०२५-२६ च्या ३१२ रुपयांनी मनरेगाच्या कामावर ६८ दिवस माती उपसली असेल, तर ही मर्यादा ओलांडली. सरकारनंच दिलेल्या कामावर! दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे. बाकीच्यांना दाखला काढताना तलाठ्यासमोर काय सांगावं लागतं, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

तर एक काम करा. घरात कुणाच्या डब्यात, वहीत जुलै २०२३ ची, म्हणजे १५०० सुरू झाले त्या महिन्याची, किराण्याची चिठ्ठी सापडली, तर फोटो पाठवा. जत, आटपाडी, मिरज, कुठलीही चालेल. दुकानाचं नाव झाकून पाठवा. तोच माल, तेवढाच, मी आज गणपती पेठेतून आणतो आणि पुढच्या व्हिडिओत दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवतो.