सात हजार दगडांची उधारी

(पडद्यावर: १९८२ सालचं छायाचित्र. खांबांची भारदस्त इमारत, समोर काळ्या दगडांचा प्रचंड ढीग.)

हे जर्मनीतलं कासेल शहर. मागे दिसतंय ते फ्रिडेरिसियानुम, इथलं जुनं संग्रहालय. पुढचं मैदान म्हणजे शहरातली सगळ्यात मोक्याची जागा. आणि त्या मैदानावर दगड येऊन पडलेत, सात हजार. रस्त्याचं काम निघालेलं नाही, कुठली इमारतही पाडलेली नाही. एका कलाप्रदर्शनात मांडलेली ही कलाकृती आहे.

कासेलच्या लोकांना प्रदर्शनांचं अप्रूप नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या ऑक्टोबरात बॉम्बहल्ल्यात हे शहर बेचिराख झालं. ते पुन्हा उभं राहत असतानाच, १९५५ साली इथं 'डॉक्युमेंटा' हे प्रदर्शन सुरू झालं. आता दर पाच वर्षांनी भरतं, शंभर दिवस चालतं. जगभरातून माणसं येतात, हॉटेलं भरतात, वर्तमानपत्रांत वाद झडतात आणि शंभर दिवस सरले की सगळं आवरून शहर पुन्हा आपल्या कामाला लागतं.

हे दगड आणले ते १९८२ च्या सातव्या डॉक्युमेंटात, जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांनी. डोक्यावर कायम फेल्टची हॅट, अंगात बिनबाह्यांचं जाकीट. डुसेलडॉर्फच्या कला अकादमीत ते प्राध्यापक होते. प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी अकादमीच्या कार्यालयात ठिय्या दिला आणि १९७२ साली नोकरी घालवून बसले. पुढे जर्मनीतल्या ग्रीन पक्षाच्या उभारणीतही ते होते. असा माणूस पर्यावरणावर चार चित्रं टांगून घरी जाईल, ही अपेक्षाच चुकीची.

त्यांनी दगड आणून टाकले आणि एक अट घातली. यातला एकही दगड नुसता हलवायचा नाही. शहरात कुठंतरी एक झाड लावायचं, आणि त्या झाडाशेजारी एक दगड नेऊन उभा करायचा. झाडं सात हजार, दगडही सात हजार.

(पडद्यावर: दगडाचं जवळून दृश्य.)

हा दगड जरा नीट बघा. बेसाल्ट आहे. आपल्याला काही नवखा नाही, आपला सह्याद्री याच काळ्या पाषाणाचा. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे उभे, पैलूदार खांब लगेच ओळखू येतील. लाव्हा थंड होताना आक्रसतो, त्याला भेगा जातात आणि असे स्तंभ सुटे होतात. छिन्नी न लावता निसर्गानंच घडवलेला दगड. कासेलमध्ये झाडाशेजारी तो साधारण चार फूट जमिनीवर राहतो.

पहिलं झाड बॉइस यांनी स्वतः लावलं, १६ मार्च १९८२ रोजी, याच मैदानात. ओकचं. कलाकृतीचं नावच मुळी '७००० ओक'. प्रत्यक्षात मात्र लिंडेन, अ‍ॅश, चेस्टनट, प्लेन अशी कितीतरी जातींची झाडं लागली. जागेप्रमाणं झाड निवडलं गेलं, आणि ते योग्यच झालं.

एका झाडामागं पाचशे मार्क, म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन. पैसे भरा, झाड तुमच्या नावचं. शाळांनी जागा सुचवल्या, गल्लीतल्या रहिवाशांनी सुचवल्या. आणि विरोधही झाला, सडकून. दगड म्हणजे कला कशी, इथपासून गाडी लावायची जागा जाणार, इथपर्यंत. हा दुसरा आक्षेप ऐकून पुण्या-मुंबईच्या माणसाला हसू येईल आणि लगेच ओशाळायलाही होईल.

प्रदर्शन सप्टेंबरात संपलं. ढीग तिथंच. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत भावलेली गोष्ट हीच. पर्यावरणावरची बहुतेक प्रदर्शनं बघून माणूस हळहळतो, वहीत अभिप्राय लिहितो, बाहेर येऊन चहा पितो. बॉइस यांनी हळहळायची सोयच ठेवली नाही. ढीग म्हणजे शहराच्या नावावरची उधारी होती आणि ती वही भर चौकात उघडी ठेवलेली. डोळ्यांत खुपते? मग झाड लावा, एक दगड कमी होईल. झाडं न आवडणाऱ्यालाही मैदान मोकळं हवं असेल तर झाडं लागावीत असंच वाटणार!

पैशांची ओढाताण मात्र कायमची. सुरुवातीला अमेरिकेतल्या डिया आर्ट फाउंडेशननं हात दिला. पुढचे उद्योग खास बॉइस यांचे. रशियाचा झार इव्हान याच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती एका हॉटेलमालकाकडं होती. ती मिळवून त्यांनी याच मैदानात, भर गर्दीत वितळवली. लोक चिडले, ओरडले. त्या सोन्याचा त्यांनी छोटासा ससा ओतला, शांततेचं प्रतीक म्हणून. तो ७ लाख ७७ हजार मार्कांना विकला गेला आणि पैसे झाडांकडं वळले. पुढे १९८५ साली हेच बॉइस एका जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीत दिसले. तेही झाडांसाठीच. बड्या कलावंतानं दारूची जाहिरात करावी का, यावर ज्यांना चर्चा करायची त्यांनी करावी. खड्डे खणायला पैसे लागतात.

२३ जानेवारी १९८६ रोजी बॉइस गेले. तोवर सुमारे साडेपाच हजार झाडं लागली होती. उरलेलं काम थांबलं नाही. १२ जून १९८७ रोजी, आठव्या डॉक्युमेंटाच्या आरंभी, त्यांचा मुलगा वेन्झेल यानं शेवटचं झाड लावलं, पहिल्या झाडाच्या शेजारी. मैदान मोकळं झालं.

(पडद्यावर: पॅरिस, डिसेंबर २०१५. पँथिऑनसमोर बर्फाचे मोठाले खंड.)

आता हे दुसरं प्रदर्शन. पॅरिसमध्ये हवामान परिषद चालू असताना कलावंत ओलाफुर एलियासन यांनी, भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांच्यासोबत, ग्रीनलंडच्या समुद्रातून बर्फाचे बारा खंड आणून घड्याळाच्या आकड्यांसारखे गोलात मांडले. लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या, कान लावले. आत अडकलेली पुरातन हवा सुटताना तडतडते, ती ऐकू येते. ऐकणारा ते विसरणार नाही, हे कबूल. पण बर्फ आणण्यात सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. एलियासन यांनी तो हिशेब लपवला नाही, उघड मांडला. त्याबद्दल मान आहे. तरी बर्फ वितळला आणि चौक आधी होता तसाच राहिला. त्या चौकात कुणाच्या नावावर काही बाकी उरलं नाही.

(पडद्यावर: आजच्या कासेलमधले रस्ते.)

लावलं तेव्हा रोप काठीएवढं आणि दगडच भारी दिसायचा. दगड वाढत नाही. झाड त्याच्या बरोबरीला आलं, मग वर निघून गेलं. आता कित्येक ठिकाणी बुंध्यानं दगडाला रेटून तिरकं केलंय. कासेलबाहेर, न्यूयॉर्कच्या बाविसाव्या रस्त्यावरही १९८८ पासून अशा जोड्या उभ्या आहेत.

झाडं मरतातही. रोग पडतो, वादळ येतं, रस्ता रुंद होतो. कासेलची ही झाडं आता संरक्षित वारसा आहेत. गेलेल्या झाडाच्या जागी नवं लावावं लागतं. आपल्याकडं २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावायचं सरकारी उद्दिष्ट होतं. त्यातली जगली किती, हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज भरावा लागतो. कासेलमध्ये तेवढा खटाटोप नाही. रस्त्यानं चालत जायचं, आणि झाडावाचून उभा दगड दिसला की महापालिकेला विचारायचं, इथलं झाड कुठं गेलं?