अंतर तेच, तास वेगळे

मित्रहो, आधी पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक न्यूयॉर्कवर धरा, दुसरं टोकियोवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात ही शहरं जवळपास एकाच ओळीत दिसतात, म्हणून विमान पश्चिमेला नाकासमोर जात असेल असं वाटतं. दोरा मात्र वर सरकतो आणि अलास्काच्या उत्तर भागावर जाऊन पोचतो. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच, बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा. साधारण 10,800 किलोमीटर. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा सांगतात, तो हा.

आता वेळ. 10,800 भागिले ताशी 900 म्हणजे बारा तास, असा हिशोब आपण झटकन करून मोकळे होतो. पण विमानाचा 900चा वेग असतो हवेतला, आणि ती हवाच पळत असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. हिवाळ्यात जपानवर तो ताशी 200 किलोमीटर सहज ओलांडतो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला. तो फारसा कुणी वाचला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

म्हणून टोकियोहून न्यूयॉर्कला जाताना वैमानिक बऱ्याचदा दोऱ्याचा रस्ता सोडून दक्षिणेला पॅसिफिकवर सरकतात. किलोमीटर वाढतात, तास कमी होतात! येताना मात्र याच वाऱ्याला टाळायचं असतं, म्हणून उत्तरेचा रस्ता, आणि तरीही वेळ जास्त. फेब्रुवारी 2020मध्ये वादळी वाऱ्याच्या पाठबळावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सात तास लागतात.

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी तर करूच नका, त्या दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी 5 वाजता निघून दहा तासांनी लॉस एंजेलिसला उतरलात, तर तिथे त्याच दिवशी सकाळचे 10 वाजलेले असतात. 'एकूण कालावधी' असं लिहिलेलं असतं, ते बघा. त्यात विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा वेळ धरलेला असतो, धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यात आलं.

आणि वाऱ्यापेक्षाही कठोर गोष्ट म्हणजे खालच्या देशाची परवानगी. हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास सैबेरियावरून साडेनऊ तासांच्या आसपास व्हायचा. 2022मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं. तेव्हापासून ती विमानं कधी उत्तर ध्रुवावरून, कधी दक्षिणेकडून मध्य आशियाला वळसा घालून जातात, आणि तेरा तासांच्या आसपास लागतात. दोरा ताणून बघितलात, तर अंतर अजूनही तेवढंच भरेल.