एका मंगळवारी टायटल्समध्ये आलेलं नाव

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मला विषय दिला होता 'मालिका आणि प्रेक्षक'. गेली पंधरा वर्षं मी रोजच्या मालिकांचे संवाद लिहिते, त्यामुळे आयोजकांना वाटलं असणार की ही बाई सासवा-सुनांवर बोलेल, दोन-चार गमती सांगेल आणि बसेल. गमत एकच सांगणार आहे. बाकीचा वेळ एका अमेरिकन रक्तपिपाशांच्या मालिकेतल्या एका भागावर बोलायचं आहे. ज्यांना उठायचं असेल त्यांच्यासाठी बाहेर चहा तयार आहे.

गमत अशी. मी लिहीत होते त्या एका मालिकेत थोरल्या जावेचं पात्र होतं. त्या अभिनेत्रीला सिनेमा मिळाला, तारखा जमेनात, म्हणून आम्ही थोरल्या जावेला घाटात अपघात घडवला. सोमवारी रात्री भाग दाखवला गेला. मंगळवारी सकाळी आमच्या मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनी मला कोथिंबीर दिली नाही. जुड्या समोर दिसत होत्या. "संपली," म्हणाल्या. मी काय काम करते हे त्यांना ठाऊक होतं. एरवी पुढे काय होणार हे काढून घ्यायला त्या दोन रुपये कमी लावायच्या. हा किस्सा मी किती तरी वर्षं लोकांना हसवायला सांगत असे. हल्ली सांगताना माझंच हसू अडतं, आणि त्याला कारण हा भाग.

मालिकेचं नाव 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'. मार्च 1997 ते मे 2003, सात पर्वं, एकशे चव्वेचाळीस भाग. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं काल्पनिक गाव, तिथली बफी समर्स ही शाळकरी मुलगी, दिवसा वर्गात आणि रात्री स्मशानात व्हॅम्पायर मारत. लाकडी खुंटी छातीत मारली की व्हॅम्पायरची राख होते. व्हॅम्पायरला मराठीत काय म्हणायचं हा जुनाच घोळ आहे. आपला वेताळ झाडाला लटकतो आणि गोष्टी सांगतो, रक्ताशी त्याला फारसं कर्तव्य नाही. पण रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाचा सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकला. त्याचा सूड म्हणून आपण इकडे प्रत्येक व्हॅम्पायरला 'पिशाच्च' म्हणतो. असो.

बफीची जिवलग मैत्रीण विलो. हुशार, बुजरी, जादू शिकणारी. चौथ्या पर्वात, डिसेंबर 1999 मध्ये 'हश' नावाचा एक भाग आला. जॉस व्हीडन या मालिकेचा कर्ता, आणि मालिकेची ख्याती होती चुरचुरीत संवादांसाठी. तर या गृहस्थाने असा भाग लिहिला की अख्ख्या गावाचा आवाज चोरीला जातो आणि निम्म्याहून अधिक वेळ कुणीच बोलत नाही. त्या वर्षी लेखनासाठी एमीचं, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही पुरस्काराचं, नामांकन मिळालं ते याच भागाला. संवादलेखिका म्हणून मी या गोष्टीवर खूप वर्षं जळते आहे.

त्या भागात टारा पहिल्यांदा दिसते. अडखळत बोलणारी, खाली मान घालणारी मुलगी. राक्षस मागे लागलेत, दोघी कपडे धुण्याच्या खोलीत लपल्यात, दार टिकणार नाही. विलो कोल्ड्रिंकचं मशीन मंत्राच्या जोरावर सरकवायला बघते, ते जरासं हलतं आणि थांबतं. टारा तिचा हात हातात घेते. दोघी एकाच वेळी मशीनकडे बघतात, आणि ते धाडकन दारावर जाऊन आदळतं. शब्द एकही नाही. अमेरिकेतल्या किती तरी मुली हे दृश्य बघून सोफ्यावर ताठ बसल्या असतील, कारण त्यांना कळलं होतं की हे फक्त जादूबद्दल चाललेलं नाही.

पण दोन मुलींचं प्रेम उघड दाखवायला वाहिनी तयार नव्हती. मग मेणबत्त्या, मंत्र, फुलाच्या पाकळ्या. आपल्याकडे जुन्या सिनेमात दोन फुलं एकमेकांवर डोलायची, तसा प्रकार. पडद्यावरचं पहिलं चुंबन यायला फेब्रुवारी 2001 उजाडला, आणि तेही कुठे? बफीची आई अचानक मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकाराने जाते, त्या 'द बॉडी' नावाच्या भागात. विलोला इस्पितळात जायचंय आणि कुठला शर्ट घालावा हेच सुचत नाहीये. एक काढते, दुसरा घालते, रडते. टारा तिला शांत करायला जवळ घेते आणि चुंबन घेते. पाठीमागे संगीत नाही, कॅमेरा 'बघा बघा' करत नाही. तो शर्ट तेवढा लक्षात ठेवा.

सहाव्या पर्वात विलोला जादूचं व्यसन लागतं. भांडण मिटवायला ती टाराच्या आठवणीच पुसते, टाराला ते कळतं आणि ती घर सोडते. अनेक भागांच्या दुराव्यानंतर, 30 एप्रिल 2002 च्या भागाच्या शेवटी टारा दारात येऊन उभी राहते. म्हणते, हे सगळं सावरायला वेळ लागेल, विश्वास पुन्हा जुळवावा लागेल, पण ते सगळं गाळून थेट पुढे जाता येईल का? आठवडाभर चाहते हवेत होते.

आणि मग 7 मे 2002, मंगळवार. भागाचं नाव 'सीइंग रेड'. सुरुवातीलाच दोघी एकत्र, सुखात. त्यानंतर टायटल्स. गिटार वाजते, एकेक चेहरा आणि नाव येत जातं, आणि त्यात अँबर बेन्सन! टाराचं काम करणारी. अडीच वर्षं जिचं नाव पाहुण्या कलाकारांत होतं, ती आज मुख्य मंडळींत. घरोघरी लोकांनी टाळ्या वाजवल्या असणार. आमच्या धंद्यात टायटल्समध्ये नाव येणं म्हणजे कायम नोकरीचं पत्र. प्रेक्षकालाही ते बरोब्बर कळतं: ही आता घरची झाली.

भागाच्या शेवटी वॉरन नावाचा मुलगा परसात बंदूक घेऊन येतो. हा राक्षसही नाही, व्हॅम्पायरही नाही, एक चिडका, हरलेला पोरगा. बफीवर गोळ्या झाडतो. एक गोळी भरकटते, वरच्या मजल्याची काच फोडते. खोलीत टारा आणि विलो बोलत उभ्या आहेत. विलोच्या पांढऱ्या शर्टावर लाल शिंतोडे उडतात. टाराला कळत नाही काय झालं. ती एवढंच म्हणते, "तुझा शर्ट…" आणि कोसळते.

दुसऱ्या आठवड्याला टायटल्स लागली तेव्हा अँबर बेन्सनचं नाव नव्हतं. ते त्या एकाच दिवसापुरतं होतं.

हे मुद्दाम केलेलं होतं. टायटल्समधल्या माणसाला त्याच भागात मारायचं, ही व्हीडनची पहिल्या भागापासूनची इच्छा. 1997 मध्येच जेसी नावाच्या मित्राबाबत ते करायचं होतं, पण दोन वेगळी टायटल्स बनवण्याइतके पैसे नव्हते. आता पैसे होते. लेखक म्हणून सांगते, युक्ती अफलातून आहे. ऐकताक्षणी मी म्हटलं, हे आपल्याला का नाही सुचलं. मग दोन मिनिटांनी लाज वाटली.

लोकांचा संताप दोन प्रकारचा होता आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला माझ्या भाजीवाल्या मावशींचा: आवडतं माणूस मारलंत. तो सगळीकडे असतो. शेरलॉक होम्सला 1893 मध्ये धबधब्यात टाकलं तेव्हाही वाचकांनी मासिकाच्या वर्गण्या बंद केल्या होत्या. दुसरा संताप वेगळा. एका चाहत्याने तर प्रश्नोत्तरांच्या रूपात जवळजवळ आरोपपत्रच लिहून काढलं. आरोप असा होता: दोन बायकांचं प्रेम दाखवायचं, आणि ते सुखाचं होताक्षणी एकीला मारायचं व दुसरीला खुनशी करायचं, ही गोष्ट तुम्ही रचलेली नाही, ती तुमच्या आधीपासून अशीच चालत आलेली आहे.

आणि हे खरं आहे. 1952 मध्ये 'स्प्रिंग फायर' नावाची स्वस्त कागदी बांधणीची कादंबरी अमेरिकेत आली, दोन कॉलेजकन्यांच्या प्रेमाची. लेखिकेला संपादकाने आधीच बजावलं होतं की शेवट सुखाचा नको, नाहीतर टपालखातं पुस्तकं अश्लील म्हणून अडवेल. मग एक नायिका वेडी झाली आणि दुसरीला साक्षात्कार झाला की आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच. हॉलिवूडमध्ये 1934 पासून तीनेक दशकं निर्मितीसंहिता होती, तिच्यात असलं नातं दाखवायलाच बंदी. बंदी सैल होऊ लागली तेव्हा, 1961 च्या 'द चिल्ड्रन्स अवर'मध्ये, प्रेमाची कबुली देणारी शिक्षिका गळफास घेते. आपणही फार वेगळे नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगमंचावर आलं, मुलीवर प्रेम करणारी मित्रा रोहिणी हट्टंगडींनी केली. धाडसी नाटक, शंका नाही. पण मित्राचं शेवटी काय होतं? आत्महत्या.

आता टाराकडे परत या. तिच्या मरणानंतर विलो सूडाने पेटते, पुढच्याच भागात वॉरनची जिवंत कातडी सोलते आणि पर्वाच्या अखेरीला जग संपवायला निघते. एक मेली, एक वेडी. टपालखात्याने केव्हाच हात काढून घेतला होता, तरी शेवट तोच. व्हीडनच्या मनात द्वेष होता असं मला वाटत नाही. द्वेष असता तर त्याने ते कपडे धुण्याच्या खोलीतलं दृश्य लिहिलंच नसतं. पण सवय लेखकाच्या हातात असते, मनात असावी लागत नाही. आमच्याकडे सून गरोदर राहिली की जिना येतोच. कुणी ठरवून लिहीत नाही.

मालिकेची बाजू घेणारे म्हणत, या गावात कुणाचंच प्रेम टिकत नाही, बफीचा प्रियकर तिने स्वतः तलवारीने नरकात पाठवलाय. मग या दोघींना सवलत का? त्यांनाही समान दुःख द्या, तीच समानता. मुद्दा तर्काने चोख आहे. पण बफीचं प्रेम मोडलं तर बघणाऱ्या मुलीला शेजारच्या वाहिनीवर दुसऱ्या पन्नास जोड्या होत्या. विलो-टारात स्वतःला बघणाऱ्या मुलीला शेजारची वाहिनी नव्हती.

आणखी एक सल होता. बफी स्वतः आदल्या वर्षी मेली होती आणि विलोने तिला परत आणलं होतं. टाराच्या वेळी मात्र उत्तर आलं की हे माणसाच्या हातून आलेलं मरण आहे, इथे जादू चालत नाही. व्हॅम्पायरांच्या मालिकेत सगळ्यात मोठी मरणं व्हॅम्पायर देतच नाहीत. बफीच्या आईला आजार नेतो, टाराला बंदूक. हे मला लेखन म्हणून फार आवडतं. पण ज्या मुलीने गोळी तिच्याच खोलीत आल्यासारखी बघितली, तिला मी हे कसं सांगणार होते?

याच भागात स्पाइक हा व्हॅम्पायर न्हाणीघरात बफीवर बळजबरी करायचा प्रयत्न करतो. त्यावरून वेगळं रण माजलं: काही जणांना त्यांचा लाडका बदनाम केल्याचा राग, काही जणांना नंतर त्याला आत्मा देऊन पावन करून घेतल्याचा. मी दुसऱ्यांच्या बाजूची आहे. काम करणाऱ्या जेम्स मार्स्टर्सलाही तो प्रसंग फार जड गेला, हे त्याने पुढे सांगितलंय. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, आज नको.

निर्मात्यांनी तेव्हा कथेची गरज पुढे केली. पुष्कळ वर्षांनी मात्र त्या पर्वाची सूत्रं सांभाळणाऱ्या मार्टी नॉक्सन यांनीच म्हटलं की टारालाच मरायला हवं होतं का, असा आता प्रश्न पडतो. 2021 मध्ये व्हीडनच्या वागण्याबद्दल मालिकेतल्याच अभिनेत्रींनी जाहीर तक्रारी केल्या, त्यांच्या पाठीशी अँबर बेन्सनही उभी राहिली, आणि जुन्या चाहत्यांनी तो भाग आणखी वेगळ्या नजरेने पाहिला.

मधल्या काळात, मार्च 2016 मध्ये, 'द हंड्रेड' नावाच्या मालिकेत लेक्सा मेली. प्रेयसीशी मीलन झाल्यावर लगेच. दुसऱ्यासाठी झाडलेल्या, भरकटलेल्या गोळीने. चौदा वर्षांनी तीच गोळी! पण या खेपेला चाहत्यांनी नुसता आकांत केला नाही. आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी एक लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली, मालिकेच्या कर्त्याला जाहीर माफी मागावी लागली, आणि पुढच्या वर्षी लास व्हेगासमध्ये अशा नात्यांच्या चाहत्यांचं स्वतंत्र संमेलन भरलं.

मला स्वतःला सगळ्यात हलवून गेलं ते दुसरंच. टाराच्या मरणानंतर चाहत्यांनी गोष्टी लिहायला घेतल्या. लिहिण्याचा अनुभव नसलेल्यांनीसुद्धा. कुणाच्या गोष्टीत टारा एक पाऊल डावीकडे सरकते. कुणाच्या गोष्टीत गोळी चौकटीत रुतते आणि विलो फक्त काच झाडत बसते. मग पुढे काही घडत नाही: दोघी नाश्ता करतात, भांडी कोण घासणार यावरून कुरबुर. माझ्या हाताखालच्या मुलांनी असा सीन आणला तर मी म्हणेन, "यात नाट्य काय?"

(इथे श्रोत्यांतून प्रश्न आला: "ताई, तुम्ही असता तर टाराला मारलं असतं का?")

खरं सांगू? मारलं असतं. सहाव्या पर्वात विलोला उसळवायला मलाही दुसरं काही सुचलं नसतं, आणि शुक्रवारपर्यंत भाग द्यायचा असता. पण ते नाव टायटल्समध्ये घातलं नसतं. तिथे माझा हात अडला असता, असं आज इथे उभी राहून म्हणते आहे. त्या खोलीत बसले असते तर काय केलं असतं… थोरल्या जावेच्या अपघाताआधी तिचा वाढदिवस मीच लिहिला होता. चांगला थाटात, पुरणपोळीसकट.