चिनी वाचनाचं पहिलं पुस्तक

नमस्कार श्रोतेहो.

'कमल नमन कर.' पहिलीतलं हे वाक्य ऐकलं की आपल्यापैकी कितीतरी जणांना पाटी आठवेल. त्यात काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. पाच अक्षरांत वाक्य संपतं आणि त्यांतली तीन अक्षरं दोनदा येतात. ज्या कोणी ते रचलं, त्याला मुलाची नजर कुठे अडखळते हे पक्कं ठाऊक होतं.

मी पुण्यात मोठ्या माणसांना चिनी शिकवते. बोलणं सुरू झालं की दोनतीन महिन्यांत प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, वाचायला कुठलं पुस्तक घेऊ?" आणि बहुतेकांनी तोवर चुकीचं पुस्तक घेऊनही टाकलेलं असतं. म्हणून आज तेवढ्याच प्रश्नावर बोलणार आहे.

चिनी लिपीला वर्णमाला नाही. एक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि बहुधा एक अर्थ. चीन सरकारनं २०१३ साली प्रमाण अक्षरांची यादी प्रसिद्ध केली, तीत ८,१०५ अक्षरं आहेत. त्यांतली नेहमीच्या वापरातली ३,५००. एवढा डोंगर समोर दिसला की माणसाला वाटतं, जितकी जास्त अक्षरं देणारं पुस्तक तितकं चांगलं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. पहिल्या पुस्तकात अक्षरं थोडी हवीत आणि मजकूर भरपूर हवा.

चीनमध्ये मुलांना शतकानुशतकं जे पुस्तक आधी शिकवलं गेलं, ते मात्र या नियमाच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. सहाव्या शतकात ल्यांग घराण्याच्या वू सम्राटासाठी चौ शिंगस नावाच्या विद्वानानं एक हजार अक्षरं चार-चारच्या ओळींत गुंफली. अडीचशे ओळी, आणि एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही! एका रात्रीत हे काम करताना त्याचे केस पांढरे झाले, अशी आख्यायिका आहे. रचना म्हणून ती थक्क करणारी आहे. पण मुलं ती गुरुजींच्या मागे म्हणत घोकायची, आपल्याकडे पाढे घोकायचे तशी. अर्थ पुढे कधीतरी उलगडायचा. नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर बसणाऱ्या माणसाला तो मार्ग झेपणारा नाही.

दुसरी चूक जास्त गोड असते. चिनी मुलांची रंगीत गोष्टींची पुस्तकं. लहान मुलांचं म्हणजे सोपं, असं वाटतं ना? चीनमधल्या अभ्यासक्रमाप्रमाणे पहिल्या दोन इयत्तांत मूल सुमारे १,६०० अक्षरं ओळखायला शिकतं. ते त्याला जमतं, कारण सहा वर्षांचं होईपर्यंत हजारो शब्द त्याच्या कानात बसलेले असतात. पुस्तक फक्त कानाची आणि डोळ्याची गाठ घालून देतं. आपल्या कानात ते शब्द नसतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं असं पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर लांडगा, शेपूट आणि सशाच्या टुणटुण उड्या. तिला अजून 'तिकीट' आणि 'उद्या' हे शब्द यायचे होते. चार पानांवर तिनं पुस्तक मिटलं आणि आपल्याला वाचन जमणारच नाही असं ठरवून बसली. मला फार वाईट वाटलं, कारण दोष तिचा मुळीच नव्हता.

मग काय घ्यावं? परदेशी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम मोजक्या अक्षरांत लिहिलेल्या गोष्टी मिळतात, ग्रेडेड रीडर म्हणतात त्यांना. त्यांची जाहिरात वाचताना एक शब्द नीट पाहा. काही मालिका 'शब्द' मोजतात, काही 'अक्षरं' मोजतात. पेकिंग विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेची एक मालिका ३०० शब्दांपासून सुरू होते. आता शब्द आणि अक्षर यांत फरक काय? 'त्येन' हे अक्षर घ्या, म्हणजे वीज. त्याला 'बोलणं' जोडलं की टेलिफोन, 'सावली' जोडली की सिनेमा, 'मेंदू' जोडला की कॉम्प्युटर. अक्षरं चार, शब्द तीन नवे. जॉन डीफ्रान्सिस या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६६ साली याच युक्तीवर वाचनाचं एक पाठ्यपुस्तक उभं केलं. अक्षरं फक्त ४००, त्यांतून जुळणारे शब्द बाराशेच्या वर. प्रत्येक पाठात मोजकी नवी अक्षरं, आणि मग पानंच्या पानं नुसतं वाचन. दिसायला ते रुक्ष आहे. तरी वाचनाची शिस्त त्याच्याइतकी चांगली लावणारं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. चिनी मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला हे डोळ्यानंच ओळखावं लागतं, आणि ती नजर अशा भरपूर वाचनाशिवाय येत नाही.

डीफ्रान्सिस यांच्या या पुस्तकात अक्षरं जुन्या, पारंपरिक वळणाची मात्र आहेत, तैवान आणि हाँगकाँगमध्ये चालतात तशी. चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरं आली. व्यापारासाठी किंवा चीनमध्ये शिकायला जाण्यासाठी सोपी अक्षरं घ्या. पण बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरं वाचायची असतील तर जुनी अक्षरं लागतीलच. आपल्या फर्ग्युसन कॉलेजातले पु. वि. बापट पाली आणि चिनी ग्रंथ शेजारी ठेवून तुलना करत, त्यांचा त्यावरचा ग्रंथ १९३७ साली पुण्यातच निघाला. तेव्हा कुठे पोहोचायचंय ते आधी ठरवा. पहिल्या वर्षी दोन्ही वळणं एकदम धरू नका.

अक्षर म्हणजे चित्र असं सांगणारी पुस्तकंही पुष्कळ आहेत. झाड झाडासारखं, डोंगर डोंगरासारखा. सुरुवातीला मजा येते, पण चित्रं लवकर संपतात. बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थाचा आणि एक उच्चाराचा असतो. 'छिंग' उच्चाराचा एक भाग आहे. त्याच्या डावीकडे पाणी आलं की 'स्वच्छ', सूर्य आला की 'निरभ्र', हृदय आलं की 'भावना', वाणी आली की 'कृपया'. चारही उच्चार छिंगच, फरक असलाच तर सुराचा, म्हणजे आवाजाच्या चढउताराचा. हे दाखवणारं पुस्तक दिसलं तर ते जरूर घ्या.

आता फिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार. ही पद्धत १९५८ साली चीननं स्वीकारली. उच्चार शिकायला ती हवीच. मराठी माणसाला तर तिथे फायदा आहे: रोमन 'बी' लिहिलेलं असतं तिथे आपला 'प' म्हणायचा आणि 'पी' असेल तिथे 'फ', दोन्ही ओठ मिटून, 'फळ'मधला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा भेद महिनोन्‌महिने छळतो. पण हेच फिनयिन प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छापलेलं असेल, तर ते पुस्तक वाचनासाठी घेऊ नका. डोळा सोप्या वाटेनं जातो. तो रोमन वाचतो, अक्षराकडे बघतही नाही, आणि पुस्तक संपलं तरी अक्षरं अनोळखीच राहतात. उच्चार पानाच्या तळाशी किंवा शेवटच्या यादीत असावेत.

दुकानात पुस्तक हातात आलं की पहिलं पान वाचू नका, ते नेहमीच सोपं असतं. मधलं एखादं पान उघडा, शंभर अक्षरं मोजा. त्यांत दोनतीन अनोळखी असतील तर घ्या. दहा असतील तर सहा महिन्यांनी परत या. आणि घरात आधीच डोक्यावर फिनयिन छापलेलं पुस्तक आलं असेल, तर टाकू नका. पोस्टकार्डाची एक पट्टी कापा, रोमन ओळीवर ठेवा आणि तीच गोष्ट मोठ्यानं तीनदा वाचा. अडलात तरच पट्टी वर सरकवा.

नमस्कार.